पाहुणे आलेत

चपलेचा दुसरा पाय सापडत नव्हता म्हणून ती पाळणाघराच्या दारात उकिडवी बसली होती, आणि मुंगीनं, म्हणजे तिच्या जेमतेम बोलायला लागलेल्या मुलीनं, नेहमीप्रमाणे तिचं नाक पकडलं. ही रोजची गंमत. मुलीनं नाक पकडायचं, सोडायचं, आणि आईनं खोटं शिंकायचं. आज शिंक आली नाही. मुंगीच्या बोटांना वास येत होता. साबणाचा नव्हे, दुधाचा नव्हे, रंगीत खडूचाही नव्हे. कोमट, गोडसर, ओल्या मातीची किंचित कडा असलेला. कामावर दिवसभर ती स्वतः ज्या वासात बसते तोच. एक क्षण तिला वाटलं, हा आपल्याच अंगाचा असेल, केसांना, कपड्यांना चिकटून इथवर आलेला. मग तिनं ती इवलीशी मूठ उघडून पाहिली. नखांच्या कडेनं केशरी रेघ होती.

"पप्पई," मुंगी म्हणाली, आणि आईला कळलं नसेल म्हणून बोटं पुन्हा तिच्या नाकाशी नेली.

"काल दिली, आज परत मागितली," काकू आतून म्हणाल्या. काकू म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत जगभरची पोरं सांभाळणारी बाई, आवाजानं भिंती हलवणारी आणि मनानं लोण्याची. "बाकीची पोरं एकेक फोड चघळत बसतात, ही आपली दोन्ही हातांनी. तो गोट्या तेवढा हिच्या तोडीचा. मी म्हटलं खाऊ दे, आई त्याच फळांच्या कारखान्यात कामाला आहे, माहेरचा माल."

"काल कधी?"

"काल सकाळी आला की तुमचा डबा. निम्मी काल संपली, निम्मी आज." काकू हात पुसत दारात आल्या. "का हो? चेहरा का पडला? छान होती. गूळ नुसता. मी स्वतः खाल्ली."

छान असणारच. वाईट असती तर प्रश्नच नव्हता, नाकानं सांगितलं असतं, जिभेनं थुंकून टाकलं असतं. माणसाला नाक-जीभ दिलीत ती सडलेलं ओळखायला. जे सडलेलं नाही, जे पिकून तयार आहे, थंड आहे, स्वच्छ कापलंय आणि तरीही बरोबर नाही, ते ओळखायला काय दिलंय? तिला दिलंय. म्हणजे तिच्यासारख्यांना, पगार देऊन, पांढरा कोट घालून, फळांच्या कारखान्याच्या टोकाच्या खोलीत बसवलंय. "काकू, डब्याचं झाकण आहे का हो?" तिनं विचारलं आणि आपला आवाज किती साधा आलाय याचंच तिला नवल वाटलं.

"आता झाकणाचं काय लोणचं घालायचंय?" काकू म्हणाल्या, पण आत गेल्या आणि झाकण घेऊन आल्या. धुऊन ठेवलं होतं, पोरांना माती भरायला. कोपऱ्यात गोल कागद तसाच चिकटलेला. कारखान्यात रोजच्या मालाला वेगळ्या रंगाचा असा गोल लावतात. पॅकिंगच्या बायका त्याला टिकली म्हणतात, आणि त्यांचं ऐकून आता साहेबसुद्धा टिकलीच म्हणतात. टिकली पिवळी होती.

पिवळी टिकली काल सकाळी कोल्डरूममध्ये असायला हवी होती. आजही. ती तिथून हलूच शकत नव्हती, कारण तिनं स्वतः ती थांबवली होती. काल सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटाचं दार उघडलं होतं. आतली हवा तोंडावर येते ना, ती तिला नेहमी बाळाच्या टाळूसारखी वाटते, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही. कारण ती ऊब मुद्दामच तेवढी ठेवलेली असते, माणसाच्या अंगाएवढी, जंतूंना घरच्यासारखं वाटावं म्हणून. आत बशा रचलेल्या. कापलेल्या मालातलं थोडं थोडं घेऊन, आधी दोन दिवस पोसून, मग जंतूंच्या या लाल खाद्यावर पसरलेलं. अननसाची बशी कोरी. आंब्याची कोरी. पपईची तिनं उजेडात धरली आणि लाल तबकावर काळे ठिपके दिसले, मधोमध काळे आणि कडेनं पारदर्शक, माशाच्या डोळ्यांसारखे. ते तिच्याकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. गंमत म्हणजे त्या क्षणी तिला भीती वाटली नव्हती. उलट एक शहाणपणाचा, नीट धुतलेल्या हातांचा आनंद झाला होता. सापडलात. याचसाठी तर आम्ही आहोत.

या ठिपक्यांना त्यांच्या खोलीत पाहुणे म्हणतात. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी, हा शब्द काढला. फार पूर्वी एकदा मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला आली होती, काचेबाहेर उभी होती, आणि नेमकं तेव्हाच बशीवर काहीतरी उगवलं. त्यांच्यासमोर जंतूचं नाव कसं घ्यायचं? मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, आपल्याकडे पाहुणे आलेत. तेव्हापासून रोज सकाळी तेच. आज पाहुणे? नाहीत. कोण आलंय? लांबचे, ओळखीचे नाहीत. मुक्कामाला आलेत की चहा पिऊन जाणार? खात्रीच्या तपासणीत ठिपके फुसके निघाले की मॅडम म्हणायच्या, चुकीच्या घरात आले होते बिचारे. नोकरीला लागली तेव्हा तिला हा शब्द भारी आवडला होता. त्यात आपण आतल्या गोटातले झालो असं वाटायचं. बाहेरचे लोक जंतू म्हणतात, घाबरतात, आम्ही पाहुणे म्हणतो. घरी सासूबाईंनी फोनवर "अगं, पाहुणे आलेत, येताना दूध आण" म्हटलं की ती एकदम दचकायची आणि मग एकटीच हसायची.

मुंगी मिळालेली एक चप्पल हातात घालून फरशीवर आपटत होती. कपाळ थंड होतं. तिनं तळहातानं पाहिलं, मग हाताच्या पाठीनं पाहिलं, मग ओठ टेकवले. थंडच. आपले ओठ तापले असतील तर? तिनं मामांना फोन लावला. मामा म्हणजे लोडिंगचे मुकादम, गाड्या भरून बाहेर काढणारे, अख्ख्या कारखान्याचे मामा.

"मामा, पिवळ्या टिकलीची पपई कुठंय?"

"गेली की ताई. काल सकाळीच."

"गेली? मी तुम्हाला फोन केला होता ना काल?"

"केला होता म्हणून तर गेली." मामांच्या मागे ट्रकचं इंजिन धडधडत होतं. "तुम्ही म्हणालात, मामा, पाहुणे आलेत, तेवढं पपईचं बघा. मी म्हटलं गिऱ्हाईक आलं असेल तपासायला. मागच्या खेपेला प्लॅटफॉर्मवर पसारा होता तर साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्यानं केली होती. म्हणून तुमचा फोन ठेवला आणि आधी पपईची गाडी भरून काढली. झाडून घेतलं, पाणी मारलं. बटणं लावून उभा होतो हो मी, नवरदेवासारखा. कोण आलंच नाही. मग म्हटलं, साहेबांनी बाहेरच्या बाहेर जेवायला नेलं असेल."

तिनं झाकण उलटं करून फरशीवर ठेवलं.

"ताई? आले होते ना पाहुणे?"

"आले होते," ती म्हणाली.

एरवी लोडिंगला फोन मॅडम करतात. त्या सरळ सांगतात, अमुक टिकली थांबवा, आणि मामांकडून तेच शब्द परत म्हणवून घेतात. इतकी वर्षं हे समोर बसून ऐकताना तिला कधीकधी कंटाळा यायचा. काय पाढे म्हटल्यासारखं. मॅडम या आठवड्यात बहिणीच्या गावी. काल फोन हातात घेतला तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की आज हे मी करतेय. कोल्डरूमचे पंखे घोंगावत होते, मामा ओरडून "हां, हां" म्हणत होते, आणि तिनं खोलीतला शब्द खोलीबाहेर सोडला, घरातल्या मांजराला चुकून जिन्यात सोडावं तसा. वर मामा म्हणाले होते, काळजी करू नका, आत्ता तिथून हलवतो. तिला ते किती बरोबर वाटलं होतं. दुपारी तिनं जाता जाता कोल्डरूमच्या काचेतून पाहिलंही होतं. पपईचे डबे ओळीनं उभे. झाकणांच्या टिकल्या पलीकडच्या बाजूला होत्या. आत जाऊन बघायला वर जाड कोट चढवावा लागतो, आणि तिला घाई होती. घाई तरी कशाची? आठवत नाही. म्हणजे आठवतंय. चहा.

आणि पपईच का, हेही आता दिसायला लागलं, फोनच्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा दिसावा तसं. ती पपई आली त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. गाडीतून उतरवताना फळं हाताला चटका देत होती. धुण्याच्या टाकीवरच्या बायकांनी पाण्यात बर्फ टाकला होता. तिनं जाता जाता मनगटापर्यंत हात बुडवला आणि बरं वाटलं म्हणून क्षणभर तसाच ठेवला. तापलेलं फळ गार पाण्यात गेलं की त्याच्या आतली हवा आकसते आणि ते देठाच्या जागेतून पाणी ओढून घेतं. श्वास घ्यावा तसं. पाण्यात जे असेल ते घेऊन. मग वरून कितीही घासा, औषधात बुडवा, आत गेलेलं आतच राहतं, आणि सुरी फिरली की फोडीफोडीवर. म्हणून टाकीतलं पाणी फळापेक्षा कोमट हवं. हे तीच शिकवते. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा टाकीवरच्या बायका हसून लोळल्या होत्या. "ताई, फळ पाणी पितं? मग त्याला चहाच द्या की, माणसात बसेल." ते तिनं घरी नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला होता. सगळ्यांना हसवून शिकवलेली गोष्ट, आणि हात गार पाण्यात असताना तिलाच आठवली नाही. हाताला बरं वाटत होतं ना.

"दुसरा पाय सापडला," काकू म्हणाल्या. "खेळण्यांच्या टोपलीत. झालंय काय, मला सांगणार आहात का? का मी आपली ज्योतिष बघू?"

"एक मिनिट, काकू." तिनं मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पाहुणे हा शब्द आला तेव्हा त्यांचं हुं हुं मध्येच थांबलं, आणि ती शांतता तिला कानफटात बसल्यासारखी लागली. मग त्या कामाच्या आवाजात बोलायला लागल्या. दुकानांतला माल परत बोलवायचं मी बघते, आत्ता साहेबांना फोन करते. खात्रीची तपासणी लावली आहेस ना? उद्या दुपारी कळेल. "हे बघ, अजून संशय आहे, खात्री नाही. असे काळे ठिपके कितीदा फुसके निघालेत, तुला माहीत आहे."

"पाळणाघरात गेलीय मॅडम. मुलांनी खाल्लीय. माझ्या मुलीनं पण."

"कशी आहे ती?"

"चांगली आहे. नाचतेय."

"मग झालं तर. पालकांना आत्ताच काही सांगू नकोस. बोंबाबोंब होते नुसती, आणि उद्या काहीच निघालं नाही तर? उद्या आपण रीतसर कळवू. तू घरी जा, पोरीला पाणी पाज, झोप."

मॅडम वाईट बाई नाहीत. तिनं पहिल्यांदा पोटुशी असल्याचं सांगितलं तेव्हा मॅडमनी तिला थंडीत वाढणाऱ्या जंतूंच्या बशा हाताळू दिल्या नव्हत्या. गर्भवतीला ते वाईट, म्हणून नऊ महिने स्वतः केल्या. आणि त्या म्हणतात ते खरंही आहे. फुसके निघतात. निम्म्याहून जास्त वेळा निघतात. तिनं हा विचार मनात नीट मांडून पाहिला, टेबलावर रुमाल पसरावा तसा. निम्म्याहून जास्त वेळा. मग नवऱ्याचा फोन आला, कुठवर पोचलीस म्हणून. त्याला तिनं तीन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "मुंगी ठीक आहे ना? मग आधी घरी ये." किती सरळ. मुंगी झाली तेव्हा ती बाटल्या उकळायची, चमचे उकळायची, खुळखुळा उकळून त्याचा रंग घालवला होता. तेव्हा हाच माणूस दारात हात वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, आता मलाही एक उकळी आण. सासूबाई म्हणायच्या, पोरीला बरणीत भरून झाकण लाव म्हणजे सुटशील. तीही हसायची, पण खुळखुळा उकळतच राहायची. त्यांना कसं सांगणार की कॉलेजात पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला धुतलेला अंगठा खाद्यावर टेकवायला लावला होता, आणि दोन दिवसांनी तिच्या बशीत तिचा अंगठा उगवला होता, रेघांसकट, पिवळसर, मऊ केसाळ, आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून तिला दाराच्या कड्या दिसतात, नाण्यांच्या कडा दिसतात, मुका घ्यायला आलेल्या बायकांचे ओठ दिसतात. सगळं जग ओलं दिसतं. एवढं सगळं ओलं जग तिनं मुंगीपासून दूर ठेवलं, काकूंना सांगितलं की हातगाडीवरचं कापलेलं फळ पोरांना देऊ नका, आमच्याकडून डबा मागवा, आमच्याकडे तपासल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. काकू म्हणाल्या होत्या, तुम्ही म्हणताय म्हणजे डोळे झाकून.

आधी घरी ये. उचलावं, खांद्यावर टाकावं आणि निघावं. काकू विचारतील तर म्हणावं, काही नाही, ऑफिसचं. उद्या दुपारपर्यंत जग जसंच्या तसं राहील. फुसके निघाले तर कायमचं राहील. आणि नाही निघाले तर? तर उद्या दुपारी सगळ्यांबरोबर आपल्यालाही कळलं असं होईल. हा विचार इतक्या सहज, इतक्या कोमट पायांनी आला की तिला त्याची किळस वाटायला उशीर झाला. मुंगी तिच्या मांडीवर चढली आणि दोन्ही चपला तिच्या पोटाशी दाबून म्हणाली, "घाल." तिनं एक पाय घातला. दुसरा घालताना तिला मुंगीच्या पायाखाली, फरशीवर, बाकीच्या चपलांच्या जागा दिसल्या. घरी गेलेल्या पोरांच्या रिकाम्या जागा, प्रत्येकीवर काकूंनी चिकटवलेलं एकेक चित्र. बदक, छत्री, गाडी. छत्रीवाला कोण, तिला माहीत नव्हतं. कोणीतरी कुठेतरी आत्ता जेवायला बसलं असेल.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही दिलेल्या पपईत जंतू असण्याची शक्यता आहे. ताप येऊ शकतो, जुलाब, उलट्या. टायफॉइडच्या जंतूचा चुलतभाऊ समजा. नक्की उद्या कळेल. पण सगळ्यांना आज सांगायला पाहिजे. आत्ता."

काकूंचा हात पोटावर गेला. मग तो त्यांनी खाली घेतला. "तुमच्याकडे तपासतात ना?"

"तपासली होती. सापडलंही होतं. मी थांबवायला सांगितलं, पण ज्या शब्दांत सांगितलं ते समोरच्याला कळले नाहीत. चूक माझी आहे."

ती वाट बघत होती. काकूंचा तो भिंती हलवणारा आवाज आता निघेल, आणि निघाला तर बरंच. पण काकू खुर्चीवर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "माझं पाळणाघर बंद होईल हो." आणि चष्मा सारखा करून, "द्या तो फोन. मी लावते, तुम्ही बोला. मला तो चुलतभाऊ-बिलतभाऊ काही सांगता यायचं नाही."

बदकाची आई म्हणाली, तिनं तोंडात घालून थुंकली होती म्हणे, बरं झालं, धन्यवाद. गाडीच्या वडिलांनी विचारलं, तुमच्या कंपनीचं नाव काय, तुमचं नाव काय, आणि दोन्ही परत म्हणून घेतलं. एक आई हसलीच. अहो, आमचा कुंडीतली माती खातो, त्याला काय होतंय. प्रत्येक वेळी तेच वाक्य पहिल्यापासून सांगायचं. पहिल्या फोनला ते लांब होतं, त्यात "शक्यता" दोनदा होती. हळूहळू ते आखूड झालं. पपईत जंतू असतील. ताप, जुलाब, रक्त दिसलं तर थांबू नका. पाणी पाजत राहा. प्रत्येकाचा शेवटचा प्रश्नही एकच, तुमचीनं खाल्ली का? हो, खाल्ली. त्या उत्तरानं पलीकडचा आवाज जरा खाली यायचा आणि तिला वाटायचं, आपण मुंगीच्या खाण्याची ढाल करतोय. मुंगी तोवर काकूंच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याला चप्पल घालत होती.

गोट्याच्या आईनं फोन पटकन उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा ती कुजबुजत बोलली. "हळू बोला हं, आत्ता झोपलाय. दिवसभर किरकिर. दात येतायत ना."

"अंग गरम आहे का त्याचं?"

"असतंच हो दातांचं. कडकडीत होतं मघाशी."

"जुलाब?"

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग, "दुपारपासून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आणि तेवढ्यात, त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत, तिच्या छातीतून काहीतरी सुटलं. मोकळं झालं. गोट्या. म्हणजे मुंगी नाही. ते एवढं मोठं आणि एवढं गोड होतं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं पाणी आहे हे तिला एकटीलाच कळलं. काकू समोरून तिच्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, बाई दुसऱ्याच्या पोरासाठी रडतेय. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला तो हात झटकून टाकावासा वाटला.

"त्याला उठवा," ती फोनवर म्हणाली. "दातांचं नाही ते. कुठला दवाखाना तुमचा? मी येतेय. डॉक्टरांना काय शोधायचं ते मला सांगता येईल."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून बाकडी होती आणि ट्यूबलाइट एका टोकाला फडफडत होता. गोट्याची आई, घरच्याच कपड्यांत, पोराला खांद्यावर घेऊन बसलेली. पाळणाघराच्या दारात दोघींची कितीदा गाठ पडली असेल, पण तिचा चेहरा आज पहिल्यांदा दिसला. फार तरुण होती, किंवा धुतलेल्या तोंडामुळे तशी वाटत होती. गोट्याचे डोळे अर्धे उघडे, ओठ सुकलेले, एक पाय आईच्या कमरेवरून लुळा लोंबत होता. मुंगीला काकूंकडे ठेवून यायला हवं होतं हे तिला इथं आल्यावर सुचलं. मुंगी तिच्या मांडीवर उड्या मारत होती, गालांवर लाली, ट्यूबलाइटकडे बोट करून "गेला, आला, गेला, आला" म्हणत होती. तिनं मुंगीला घट्ट धरलं, तिचं तोंड आपल्या कुशीत लपवायचा प्रयत्न केला. एवढं धडधाकट पोर इथं आणणं म्हणजे भुकेल्यासमोर डबा उघडून बसणं. मुंगीनं डोकं सोडवून घेतलं आणि गोट्याच्या लोंबत्या पायाला हात लावला.

"पाणी पाजताय ना?" तिनं विचारलं.

"चमच्या-चमच्यानं. बाहेर काढतो." गोट्याच्या आईनं तिच्याकडे न बघता सांगितलं. "तुमचा फोन आला नसता तर मी याला तसाच झोपू दिला असता. सकाळपर्यंत. सासूबाई म्हणत होत्या, दात येताना असंच होतं, मध चाटव."

आत कुणीतरी खोकलं. दरवाजा उघडला नाही.

"किती दिवस असतं हे?"

"काही दिवस. बहुतेक मुलं चांगली होतात. पाणी कमी व्हायला नको अंगातलं, तेवढंच बघायचं." ती थांबली. बहुतेक या शब्दावर आपण जोर दिला की नाही, हे तिला कळेना. "रक्ताचा थेंब दिसला का कुठे?"

"पाहिलं नाही मी. घाईत होते." आणि मग, तितक्याच सपाट आवाजात, "काकू मघाशी फोनवर म्हणाल्या, पाठवलीत पण तुम्हीच."

"हो."

"माहीत असून?"

"माहीत होतं. थांबवलीय असं वाटत होतं. नीट सांगितलं नाही मी."

गोट्याच्या आईनं हे ऐकलं की नाही ते कळलं नाही. तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याचं डोकं मानेवरून घसरलं, ते तिनं तळव्यात झेललं आणि तसंच धरून ठेवलं. ट्यूबलाइट गेला, आला. मुंगी आता गप्प होती, तोंडात मूठ घालून त्या दोघांकडे बघत होती. मुंगीच्या आईला वाटलं, आता ही उठेल आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसेल. उठावं तिनं. तिचा हक्क आहे. आपण मात्र इथून हलायचं नाही.

दरवाजा उघडला. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. गोट्याची आई उठली, दोन पावलं गेली, थांबली. एका हातात पोर, खांद्यावर टॉवेल, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी, पाण्याची बाटली, आणि काखेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लंगोट, डॉक्टरांना दाखवायला जपून आणलेला. तो घसरायला लागला होता. ती वळली.

"हा धरा," ती म्हणाली. "आणि चला आत. काय सांगायचंय ते तुम्हीच सांगा."

तिनं मुंगीला कमरेवर घेतलं, हात पुढे केला आणि तो घेतला. प्लॅस्टिकमधूनही तो गरम होता.